मदत हवी आहे: आंब्याच्या कलमाला अरुंद बेचका, कोणती फांदी काढू?

कलम लावून दोन वर्षं झाली, उंची पाच फूट. जमिनीपासून दोन फुटांवर एकाच ठिकाणी तीन फांद्या आहेत. दोन अंगठ्याएवढ्या जाड, एकमेकींना चिकटून सरळ वर गेलेल्या. तिसरी करंगळीएवढी, आडवी. शेंड्याला पाच-सहा धुमाऱ्यांचा झुबका. काय ठेवू, काय काढू? जखमेला काय लावू?

उत्तर १
आधी बेचक्यात वाकून बघा. दोन फांद्यांमधली साल वर उचलून कंगोरा आला असेल तर सांधा पक्का. साल आत दुमडून काळी चीर दिसत असेल तर तो सांधा एकजीव होत नाही. फांद्या जाडावतात तशा एकमेकींना रेटतात आणि फळांचं ओझं आलं की बुंधा उभा फाटतो. तुमच्या वर्णनावरून चीरच असणार. बुंध्याच्या रेषेत असलेली ठेवा, दुसरी काढा.

अशा अडचणीच्या जागेत सिकेटरचं (छाटणीच्या कात्रीचं) पातं बसत नाही, साल चिरडते. बारीक करवत घ्या आणि खालून वर कापा. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं दिसलं तर काप त्याच्या लगेच बाहेर घ्या. कडं सोललं तर जखम नीट भरत नाही. खुंटी ठेवली तर ती वाळते आणि कूज आत उतरते. आडव्या फांदीला हात लावू नका, तिला आता जोर येईल.

शेंडा तीन फुटांवर मारा. आंब्यात पालवीच्या प्रत्येक टप्प्याला डोळ्यांचं (जिथून नवी फूट येते त्या कळ्यांचं) दाट कडं असतं. त्याच्या वर कापलंत तर पुन्हा झुबकाच फुटेल. कड्याच्या खाली कापा, तिथे डोळे विखुरलेले असतात. फुटीतल्या तीन ठेवा, वेगवेगळ्या दिशांच्या, खाली-वर १५ ते २० सेंमी अंतराच्या. बाकीच्या कोवळ्या असतानाच बोटाने मोडा.

उत्तर २
बाकी पटलं, पण दोन्ही काप एकाच दिवशी नकोत. जोडीतली एक काढली की निम्म्याच्या आसपास पाला जातो. पुढची पालवी गर्द हिरवी होऊ द्या, मग शेंडा. नव्या फांद्या उभ्या जायला लागल्या तर लवचिक असतानाच मधे काडी अडकवून ४५ ते ६० अंशांवर आणा.

जखमेला बोर्डो पेस्ट: १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये. चुना टाकताना पाणी उकळतं, जपून. निवल्यावर दोन्ही एकत्र ओता. भांडं प्लास्टिकचं, लोखंडी नको. लोखंडी खिळा बुडवून बघा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी वापरा. आणि हे सगळं कोरड्या हवेत.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. कलमाच्या जोडाखालूनही एक फूट आली आहे, पानं जोमदार आहेत. आडवी फांदी म्हणून ठेवली तर?

उत्तर १
मुळीच नाही. ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची फूट, फळ खुंटाच्या जातीचं देईल आणि वरच्या कलमाचा जोर खाईल. बुडापासून काढा. यंदा मोहोर आला तर तोही खुडा, पण देठाच्या खालची पानं राहू द्या.