'तो वेळ' की 'ती वेळ'? संगणकाच्या कालगणनेचे शब्द

निशिगंध:
आठवी-नववीच्या मुलांसाठी संगणक वेळ कशी साठवतो यावर टिपण लिहिते आहे. तीन शब्दांपाशी अडले. 'ईपॉक', म्हणजे जिथून मोजणी सुरू होते तो ठरवलेला क्षण. याला 'युगारंभ' फार भव्य वाटतो. 'लीप सेकंद', म्हणजे घड्याळात मुद्दाम वाढवला जाणारा सेकंद. त्याला अधिक मासाच्या धर्तीवर 'अधिक सेकंद' म्हणावं का? आणि 'टाइमस्टँप', म्हणजे एखादी गोष्ट केव्हा घडली याची संगणकाने केलेली नोंद, याला 'कालमुद्रा' चालेल का?

पाटीपेन्सिल:
निशिगंधताई, या तिन्हींच्या आधी मुलांना 'वेळ' हाच शब्द नीट दाखवा. तो मराठीत दोन लिंगांत चालतो. 'निघायची वेळ झाली' यातली वेळ स्त्रीलिंगी, काळातला एक बिंदू. 'यायला फार वेळ लागला' यातला पुल्लिंगी, दोन बिंदूंमधलं अंतर. 'बराच वेळ गेला' आणि 'वेळ निघून गेली' यांत कुणी घोटाळा करत नाही.

संगणकाचं काम नेमकं या दोन लिंगांत वाटलेलं आहे. युनिक्स ही जुनी संगणक-प्रणाली आणि तिच्यावरून पुढे आलेल्या प्रणाली एकच आकडा सांभाळतात: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, किती सेकंद लोटले. साठवलेला असतो तो वेळ. पडद्यावर दिसते ती वेळ. मधलं रूपांतर महिन्यांचे दिवस, लीप वर्षं आणि प्रमाणवेळ यांचा हिशेब करून होतं. आपल्यासाठी त्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवले जातात. म्हणून शून्य हा आकडा भारतात १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० असा दिसतो आणि न्यूयॉर्कमध्ये ३१ डिसेंबर १९६९, संध्याकाळी ७ असा. एखाद्या फाइलवर अशी तारीख दिसली तर बहुतेकदा तिथे तारीख नोंदलेलीच नसते, नुसतं शून्य असतं. मुलांना हे करून दाखवता येईल.

आकडा किती मोठा होऊ शकतो हेही सांगा. १९७१ च्या युनिक्समध्ये सेकंदाचा साठावा भाग मोजत असत. ३२ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या ३२ घरांत, तो आकडा सव्वादोन वर्षांतच भरायचा. पुढे पूर्ण सेकंद मोजू लागले, तरी धन-ऋण चिन्हासह ३२ बिटांची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. ती १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्या सेकंदाला आकडा ऋण होतो आणि तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाते. नव्या प्रणाली ६४ बिटांवर गेल्या आहेत. काळजी आहे ती यंत्रांच्या पोटात बसवलेल्या, वर्षानुवर्षं कुणी न बदललेल्या जुन्या नियंत्रकांची.

'ईपॉक'साठी 'आरंभक्षण' पुरेसा आहे.

रानवारा:
'आरंभक्षण' मलाही पटला. पण त्या आकड्याला आपल्याकडे शब्द आहे आणि तो सोडवत नाही: अहर्गण. ठरलेल्या आरंभापासून आजपर्यंत लोटलेल्या दिवसांची संख्या. ज्योतिषी आधी अहर्गण काढत आणि त्यावरून ग्रहांची स्थिती. युनिक्सच्या आकड्याला 'सेकंदगण' म्हटलं तर मुलांना त्याची जात लगेच कळेल.

आकडा फुगण्याची अडचणही तीच होती. कलियुगारंभापासून मोजलं तर सोळाव्या शतकात अहर्गण सोळा लाखांच्या पुढे गेलेला होता, आणि प्रत्येक गणित तेवढ्या संख्येने करायचं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' या ग्रंथात शके १४४२ (इ.स. १५२०) हा जवळचा आरंभ धरला आणि काळाची अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली. एका चक्राचे दिवस ४,०१६. त्यामुळे अहर्गण तेवढ्यातच राहतो, आणि झालेल्या चक्रांचा हिशेब वेगळा धरला जातो. आरंभीच्या ग्रहस्थितीला ते 'क्षेपक' म्हणतात. हे वाचताना मला दर वेळी थक्क व्हायला होतं.

जीपीएसने हेच केलं. ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजायचे, पण उपग्रहांच्या मूळ संदेशात त्या आकड्याला दहाच बिट. १,०२४ आठवड्यांनी तो पुन्हा शून्य. पहिलं चक्र २१-२२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री संपलं, दुसरं एप्रिल २०१९ मध्ये. नाविक या आपल्या भारतीय उपग्रह-दिशादर्शक प्रणालीचा आरंभक्षणही २२ ऑगस्ट १९९९ हाच आहे. फरक असा की ग्रहलाघवात चक्रांची संख्या गणितात धरलेली असते. जीपीएसच्या त्या मूळ संदेशात ती नसते, आपण कितव्या चक्रात आहोत हे घेणाऱ्या यंत्राने स्वतः ठरवायचं. आकडा असा पुन्हा शून्यावर येण्याला, म्हणजे 'रोलओव्हर'ला, म्हणूनच 'चक्रपूर्ती' म्हणा.

आता पाटीपेन्सिल यांच्या एका वाक्याला हरकत. युनिक्सचा आकडा म्हणजे लोटलेला वेळ, हे पूर्ण खरं नाही. पृथ्वीचं फिरणं आणि आण्विक घड्याळं यांचा मेळ राखायला १९७२ पासून २७ लीप सेकंद घातले गेले, आणि युनिक्सचा आकडा त्यांतला एकही मोजत नाही. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे आला, ५ वाजून २९ मिनिटं ६० सेकंद. अधिक मासाचे दिवस अहर्गणात येतात, हा सेकंद सेकंदगणात येत नाही. 'अधिक सेकंद' शब्द सुंदर आहे, वापराच. पण हा भेद एका ओळीत लिहा.

पाटीपेन्सिल:
हरकत मान्य, आणि त्यामुळे लिंगांचा मुद्दा आणखी पक्का होतो. त्याच पहाटे क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सेवेचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा, काही भाग कोलमडला. आधीची वेळ आताच्या वेळेतून वजा करून 'किती वेळ लागला' हे काढलं जात होतं; त्या अधिक सेकंदापायी घड्याळ मागे सरकल्याने उत्तर ऋण आलं आणि प्रोग्रॅम बंद पडला. 'ती वेळ' सांगणारं घड्याळ 'तो वेळ' मोजायला वापरलं होतं. लिनक्ससारख्या प्रणालींत दोन्ही घड्याळं वेगळी असतात: एक तारीख-वेळ सांगणारं, ते मागेपुढे सरकवता येतं, दुसरं यंत्र सुरू झाल्यापासून पुढेच जाणारं. त्याच वर्षी गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने आपल्या वेळेच्या नोंदीत दोन्ही आकडे सोबत ठेवायला सुरुवात केली.

निशिगंध:
दोन्ही घड्याळं लिंगांवरूनच समजावते. 'सेकंदगण', 'आरंभक्षण', 'अधिक सेकंद' ठरले. टाइमस्टँप राहिला.

रानवारा:
'वेळनोंद' लिहा. 'मुद्रा' म्हटलं की शिक्का आणि त्यामागचा अधिकार डोळ्यांसमोर येतो. इथे फक्त नोंद आहे. आणि तुमच्या टिपणातल्या प्रत्येक वेळनोंदीपुढे ती भारतीय प्रमाणवेळ आहे की यूटीसी हे छापा, नाहीतर वाचणाऱ्याला साडेपाच तास कुठे धरायचे ते कळणार नाही.