मदत हवी आहे: एमजीबीचा रबर बंपर काढून क्रोमचा बसवायचाय
मंडळी, माझी एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) १९७७ची, म्हणजे काळ्या रबर बंपरवाली. तो थोराड जबडा काही केल्या डोळ्यांना पटत नाही, म्हणून १९७४च्या आधीच्या गाडीसारखा क्रोमचा बंपर बसवायचं ठरवलंय.

वाटलं होतं, चार बोल्ट काढले की झालं. परवा पुढचा बंपर उतरवला (उचलायला दोघं लागलो!) आणि खरी गंमत कळली. इंडिकेटर बंपरातच होते, ते आता हेडलाइटखाली फेंडरमध्ये घ्यावे लागणार. ग्रिल वेगळी, तिच्याखालचा पत्राही वेगळा. मागच्या फेंडरच्या कोपऱ्यात तर बंपरसाठी सोडलेली जागा उघडी पडते, म्हणजे तिथे पत्रा वेल्ड करणं आलंच.

पण खरा घोळ उंचीचा आहे. अमेरिकेतल्या नियमांमुळे कंपनीने या गाड्या इंचभर वर उचलल्या होत्या. पुढचा क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा लोखंडी भाग) जुन्या मॉडेलचा टाकू, की नुसत्या आखूड स्प्रिंगवर भागेल? मागे लोअरिंग ब्लॉक (गाडी खाली बसावी म्हणून अ‍ॅक्सल आणि स्प्रिंगमध्ये घालायचे ठोकळे) लावून कोणी चालवलीय का? खड्ड्यात आपटते का?

आणि हो, रंग द्यायच्या आधी क्रोमचा बंपर एकदा लावून बघावा ना? स्वतः हे काम केलेल्यांनी वेल्डिंगचे फोटो टाका, प्लीज.