इवो जिमाच्या झेंड्याची फिल्म घेणारा मरीन अजून त्याच बेटावर आहे, त्याला बाहेर का नाही काढता आलं?

रातकिडा:
दुसऱ्या महायुद्धात जपानच्या इवो जिमा बेटावर, सुरिबाची डोंगरावर अमेरिकन सैनिक झेंडा उभारतानाची ती रंगीत फिल्म बघितली असेलच सगळ्यांनी, २३ फेब्रुवारी १९४५ ची. फोटोग्राफर जो रोझेन्थलने काढलेला झेंड्याचा फोटो सगळ्यांना माहितीये, पण त्याच्या शेजारी उभं राहून तोच क्षण फिल्मवर घेणारा सार्जंट बिल जेनॉस्ट, मरीन कोरचा (अमेरिकेचं समुद्रमार्गे हल्ला करणारं सैन्यदल) कॅमेरामन, त्याचं नाव मला काल रात्री पहिल्यांदा कळलं आणि मग झोपच लागेना. त्यानंतर नऊ दिवसांनी, ४ मार्चला तो मारला गेला आणि बॉडी आजपर्यंत मिळाली नाही. सोबत माणसं होती, टेकडी माहितीये (नकाशावर तिचं नाव ३६२ ए), गुहेत शिरला हेही माहितीये, मग अडलं कुठे? बेट तरी केवढंसं आहे. बाकीच्या अमेरिकन सैनिकांना तर युद्धानंतर तिथल्या कबरींतून काढून परत नेलं ना?

जुने_कागद:
नेलं, पण ज्यांच्या कबरी होत्या त्यांना. जेनॉस्टची कबर झालीच नाही. गुहा रिकामी आहे का बघायची होती, याच्याकडे टॉर्च होता, म्हणून हा आत गेला आणि आतून मशीनगन सुरू झाली. त्या परिस्थितीत बॉडी बाहेर आणायला माणूस पाठवणं म्हणजे आणखी एक जीव घालवणं, त्यामुळे गुहेचं तोंडच बंद करून टाकलं, असं त्या बेटावर शेकडो ठिकाणी झालंय. आणि टेकडी माहितीये म्हणजे जागा माहितीये असं नाही हो, जपान्यांनी आतून किलोमीटरच्या किलोमीटर भुयारं खोदली होती, एक तोंड इकडे तर दुसरं भलतीकडे. त्यात जमीन ज्वालामुखीची, गंधकाची वाफ येते, आत उकडतं. २००७ मध्ये अमेरिकन टीम खास शोधायला गेली होती पण अवशेष मिळाले नाहीत. जपानचे स्वतःचे दहा हजारांहून जास्त सैनिक अजून तिथेच आहेत आणि त्यांचं सरकार इतकी वर्षं शोधतंय. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट बघत गेलंच असणार, हे विसरायला नको.

दीपस्तंभ:
थोडी आशा वाटावी म्हणून पॅसिफिकमधल्याच तरावाच्या लढाईचं सांगते. नोव्हेंबर १९४३, बेटिओ बेट, पाणी पुरेसं न चढल्याने बोटी प्रवाळाच्या कड्यावर अडकल्या आणि मरीन्सना गोळीबारात पाण्यातून चालत जावं लागलं, तीन-चार दिवसांत हजारच्या आसपास गेले. घाईघाईत पुरलं, मग धावपट्टीच्या कामात कबरींच्या खुणा हलल्या, आणि १९४९ मध्ये कित्येक घरांना कळवलं की आता मिळणार नाहीत. तरी २०१५ मध्ये हरवलेली एक अख्खी रांग सापडली, त्यात मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळालेला अलेक्झांडर बॉनीमन होता. दात, हाडं, जुने रेकॉर्ड आणि आईकडच्या नातेवाईकांचा डीएनए, यावरून ओळख पटवतात. बहात्तर वर्षांनी तो नॉक्सव्हिलला आपल्या माणसांत गेला. होनोलुलूला बेपत्ता लोकांची नावं दगडात कोरलीयेत, जो सापडतो त्याच्या नावाशेजारी छोटं फूल बसवतात. फरक एवढाच की तरावाच्या लोकांना सोबत्यांनी ओळीने ठेवलं होतं, जेनॉस्टला तेवढाही वेळ मिळाला नाही.

रातकिडा:
ओळीने ठेवलं होतं हे वाचून गलबलून आलं. थँक्यू दोघांनाही. मला सगळ्यात जास्त हे लागतं की सायपन बेटावरच्या लढाईत जेनॉस्ट आधीच जखमी झाला होता, तरी परत आला.

जुने_कागद:
अजून एक सांगतो, कारण हे कुठे फारसं येत नाही. रोझेन्थलचा फोटो मुद्दाम पोझ देऊन काढला असा आरोप कित्येक वर्षं चालला, तो खोटा ठरला जेनॉस्टच्या फिल्ममुळे. आणि झेंडा उभारणाऱ्या सहा जणांपैकी काहींची नावं चुकली होती, २०१६ ला हॅरल्ड शुल्ट्झ आणि २०१९ ला हॅरल्ड केलर यांची खरी नावं मरीन कोरने यादीत घातली, त्या तपासातही हीच फिल्म कामाला आली. म्हणजे दुसऱ्यांना त्यांची ओळख परत मिळवून दिली या माणसाने, आणि तो स्वतः कुठल्या दगडाखाली आहे ते कोणालाच माहीत नाही. १९९५ मध्ये सुरिबाचीवर त्याच्या नावाची पाटी बसवलीये, त्याने जिथून शूट केलं त्याच डोंगरावर. रोझेन्थल सांगायचा की ऐन वेळी जेनॉस्टने त्याला विचारलं होतं, मी तुझ्या मधे तर येत नाहीये ना.