बफरचं वाटप की वाटणी?

शब्दवेडी: नेटवर्क स्विचच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतेय. सगळ्या पोर्टांची मिळून एकच मेमरी, म्हणजे बफर, असते, त्यातून पुढे जायची वाट बघणाऱ्या पॅकेटांच्या (माहितीच्या तुकड्यांच्या) रांगांना जागा मिळते. मी ‘बफरवाटप’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘बफरची वाटणी’ केलं. वाटणी म्हणजे सातबाऱ्यावर नावं चढली, विषय संपला, असं मला वाटतं. बरोबर काय?

तारवाला: वाटणी नकोच. रोज हेच सांभाळतो. प्रत्येक रांगेची थोडी जागा राखीव, कायमची म्हणावी तर तेवढीच. बाकी सगळी सामाईक. त्यातली किती वापरायची ते त्या क्षणी मोकळ्या जागेवर ठरतं: मोकळी जागा गुणिले अल्फा, म्हणजे आपण ठरवून दिलेला आकडा. अल्फा 1 असेल आणि एकच रांग तुंबली असेल, तर तिला सामाईक जागेतली निम्मीच मिळते. दोन तुंबल्या की प्रत्येकी एक तृतीयांश. चौधरी आणि हाने या संशोधकांची 1998 ची पद्धत.

देवराई: निम्मी मोकळी असताना पॅकेटं टाकून द्यायची?

तारवाला: हो, नंतर तुंबणाऱ्या पोर्टासाठी. मर्यादाच नसेल तर एक मंद पोर्ट सगळं अडवून बसतो आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. मुळात जागा असते किती! 12 मेगाबाइट पूर्ण भरली तरी 10 गिगाबिटचा एक पोर्ट ती दहाएक मिलिसेकंदांत उपसतो.

मायबोलीकर: वाटपच. पाणीवाटप म्हणतो आपण, धरणातला साठा बघून दरवर्षी नव्याने ठरतं. पण ‘बफर’ कशाला? ‘साठा’ लिहा.

देवराई: साठा मुळीच नको. साठा भरलेला असला की बरं वाटतं, हा भरला की पॅकेटं जातात. रेल्वेच्या डब्याला बफर, ताडोब्याला बफर क्षेत्र. धक्का झेलणारं ते बफर. इथेही पन्नास सर्व्हरांची उत्तरं एकदम येऊन आदळली की तोच झेलतो. शब्द रुळलाय, राहू द्या.

शब्दवेडी: आणि या मर्यादेला, थ्रेशोल्डला, ‘उंबरठा’?

मायबोलीकर: उत्तम शब्द! उंबराच्या लाकडाचा म्हणून उंबरठा, आजी सांगायची.

देवराई: ऐकीव व्युत्पत्ती आहे ती. आमच्या घरी उंबरठा सागवानी होता.

तारवाला: उंबरठा ओलांडायचा असतो, ही तर वरची हद्द. ‘सरकती मर्यादा’ म्हणा. दुसऱ्या रांगेने जागा घेतली की हिची मर्यादा आपोआप खाली येते. आत असलेली पॅकेटं काढत नाहीत, नवी घेत नाहीत.

मायबोलीकर: सरकता जिना असतो. मर्यादा ‘बदलती’.