तुटलेली नस पुन्हा वाढते का?

"मज्जातंतू (म्हणजे इथली नस, रक्तवाहिनी नव्हे) एकदा तुटला की कायमचा गेला," असं एकांनी लिहिलंय. मेंदू आणि मज्जारज्जूपुरतं ते बरंचसं खरं आहे, हातापायांच्या नसांना मात्र लागू नाही. चेतापेशीचा पेशीकाय, म्हणजे तिचा मुख्य भाग, मज्जारज्जूत किंवा त्याच्या शेजारच्या गुच्छिकेत (चेतापेशींच्या छोट्या गाठीत) शाबूत असतो; तुटतो तो तिचा लांब धागा, म्हणजे अक्षतंतू. तुटल्यापुढचा भाग मरतो, पण त्याभोवती मायलिनचं (चरबीयुक्त थराचं) वेष्टण घालणाऱ्या श्वान (Schwann) पेशी उरतात. भक्षकपेशींच्या (कचरा गिळणाऱ्या पेशींच्या) मदतीने त्या जुन्या मायलिनचा कचरा काढतात आणि रांग धरून अक्षतंतूच्या नव्याने वाढणाऱ्या टोकाला वाट दाखवतात. वेग? दिवसाला साधारण १ मिलिमीटर. आमच्या वागळे इस्टेटमधले एक शेजारी पत्र्याने मनगट कापल्यावर महिनाभरातच 'बोटं बधीर ती बधीरच, ऑपरेशन फुकट गेलं' म्हणायला लागले होते. मनगटापासून बोटाचं टोक १५-१८ सेंटिमीटर, हिशेब करा की! (अर्थात नसेची टोकं नीट जुळवलेली असतील तरच.)

मेंदू-मज्जारज्जूत मायलिन बनवतात त्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी. त्यांच्या मायलिनमधली नोगो-ए सारखी प्रथिनं वाढ उलट रोखतात, शिवाय जखमेभोवती ताराकृती पेशींचा (मेंदू-मज्जारज्जूतल्या आधार देणाऱ्या पेशींचा) व्रण होतो. पण त्या व्रणाला नुसता खलनायक ठरवू नका, सूज पसरू न देण्याचं कामही तोच करतो.