थायरॉइडची गोळी आणि रजोनिवृत्तीची हार्मोन्स: डोस लीड्सच्या डॉक्टरांनी बदलावा की ठाण्याच्या?

नौपाड्याची_सून

नमस्कार. माझे वय ५० आहे. घर ठाण्यात नौपाड्याला, परंतु यजमानांच्या नोकरीमुळे गेली काही वर्षे आम्ही इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो. मला हायपोथायरॉइडिझम आहे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी थायरॉक्सिन हे हार्मोन पुरेसे तयार करत नाही, आणि ठाण्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेली थायरॉक्सिनची ८८ मायक्रोग्रॅमची गोळी मी रोज पहाटे उपाशीपोटी घेते. सुट्टीत ठाण्याला आले की रक्त तपासायचे, डॉक्टरांना अहवाल दाखवायचा आणि पुढच्या सुट्टीपर्यंत पुरतील इतक्या बाटल्या बॅगेत घालून परतायचे, अशी आजवरची पद्धत होती. टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडले की रक्तात वाढणारे हार्मोन) नेहमी दोन-अडीचच्या आसपास असे.

गेल्या हिवाळ्यात पाळी अनियमित झाली आणि बाहेर बर्फ पडत असतानाही रात्री घामाने उशीचा अभ्रा पिळून काढण्याइतका ओला होऊ लागला. लीड्सच्या डॉक्टरांनी मला रोज एस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची गोळी आणि महिन्यातले ठरावीक दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल सुरू करून दिली. घाम थांबला आणि झोपही लागू लागली, परंतु काही महिन्यांतच जुना थकवा परत आला. बद्धकोष्ठता, सकाळी पापण्यांवर सूज आणि हिवाळा सरल्यावरही तळपायांना भेगा, ही सगळी लक्षणे थायरॉइडचे निदान होण्यापूर्वी जशी होती तशीच आहेत. इथे रक्त तपासले तेव्हा टीएसएच ७.४ निघाले. ठाण्याचे डॉक्टर फोनवर म्हणतात की डोस १०० करा. इथल्या डॉक्टरांचे म्हणणे आहे की काही आठवडे थांबून पुन्हा तपासू. नवीन औषधामुळे जुन्या औषधाचा परिणाम कमी झाला असेल का, आणि अशा वेळी कोणाचे ऐकावे? मे महिन्यात मी ठाण्याला येणार आहे. तोपर्यंत थांबून तिथेच तपासणी केली तर चालेल का?

सुनंदा_पाचपाखाडी

मी ठाण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबमधून निवृत्त झाले आहे. डॉक्टर नसल्याने डोसविषयी बोलणार नाही, परंतु तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होकारार्थी आहे. रक्तातील ९९ टक्क्यांहून अधिक थायरॉक्सिन प्रथिनांना चिकटलेले असते आणि जो नगण्य भाग मोकळा असतो तोच शरीराच्या कामी येतो. तोंडाने घेतलेले एस्ट्रोजेन आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि यकृत हे वाहक प्रथिन अधिक प्रमाणात तयार करू लागते. प्रथिन वाढले की त्याला चिकटणारे थायरॉक्सिनही वाढते आणि मोकळे थायरॉक्सिन घटते. जिची ग्रंथी धडधाकट आहे तिच्या शरीरात ही तूट आपोआप भरून निघते, पण जी बाहेरून गोळी घेते तिला मोजूनमापून तेवढेच मिळत असल्यामुळे तूट तशीच राहते आणि टीएसएच चढते. एस्ट्रोजेनचे जेल किंवा पॅच (त्वचेवर लावायची पट्टी) वापरल्यास औषध त्वचेतून थेट रक्तात जात असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा परिणाम फारसा दिसत नाही.

आता तपासणीविषयी, कारण इथेच पुष्कळ गोंधळ होतो. आपल्याकडे ‘थायरॉइड प्रोफाइल’ म्हणून जी तपासणी सर्रास केली जाते, तिच्यात अनेकदा एकूण टी-थ्री (दुसरे थायरॉइड हार्मोन), एकूण टी-फोर (म्हणजे चिकटलेले आणि मोकळे मिळून सगळे थायरॉक्सिन) आणि टीएसएच एवढेच असते. एस्ट्रोजेनची गोळी चालू असताना एकूण टी-फोर वाढलेले दिसते आणि पाहणाऱ्याचा समज होतो की औषध जास्त होत आहे, जेव्हा की खरी स्थिती नेमकी उलट असू शकते. म्हणून ठाण्याला तपासणी केलीत तर फ्री टी-फोर, म्हणजे मोकळे थायरॉक्सिन, आवर्जून मागून घ्या. इंग्लंडचा अहवाल पिकोमोल प्रतिलिटरमध्ये येतो आणि आपला नॅनोग्रॅम प्रतिडेसिलिटरमध्ये. आपल्या आकड्याला १२.९ ने गुणले की तिकडचा आकडा मिळतो. टीएसएचचा आकडा दोन्हीकडे सारखाच वाचता येतो. रक्त देण्याच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबला तसे सांगा आणि डॉक्टरांना विचारून त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, कारण बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटे कमी आणि टी-फोर खोटे जास्त येते. केस गळणे थायरॉइड आणि रजोनिवृत्ती या दोन्ही तक्रारींत असल्यामुळे हे औषध या वयातील कित्येक जणींच्या पर्समध्ये असते, आणि ते कोणी औषध म्हणून मोजतच नाही.

ऐरोलीकर_मँचेस्टर

ताई, मीही याच दोन्ही उपचारांवर आहे आणि इंग्लंडमध्येच राहते. माझे स्पष्ट मत आहे की डोस एकाच डॉक्टरने बदलावा आणि तो डॉक्टर तुम्ही जिथे राहता तिथला असावा, कारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासणे त्यालाच शक्य आहे. ठाण्याच्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्या, त्यांना तुमचा इतिहास ठाऊक आहे. परंतु दोन्हीकडून एकाच वेळी बदल झाले तर पुढच्या अहवालातील आकडा कशामुळे बदलला हे कोणालाच सांगता येणार नाही.

तुम्ही आजवर गोळ्या भारतातून आणत होतात, त्यामुळे इथल्या तुमच्या नोंदीत थायरॉक्सिन लिहिलेले आहे का, हे आधी विचारा. ते नोंदीतच नसेल, तर एस्ट्रोजेन लिहून देताना डॉक्टरांना त्याचा विचार करता आलाच नसेल. शिवाय इंग्लंडमध्ये हायपोथायरॉइडिझमसाठी कायम गोळी घेणाऱ्या व्यक्तीला औषधशुल्कमाफीचे प्रमाणपत्र मिळते. त्यासाठी डॉक्टरांच्या दवाखान्यात एफपी-९२ए हा अर्ज मिळतो, प्रमाणपत्र साधारणपणे ५ वर्षे चालते आणि त्यावर एनएचएसने (इथल्या सरकारी आरोग्यसेवेने) लिहून दिलेली सर्वच औषधे विनाशुल्क मिळतात, म्हणजे एस्ट्रोजेनसुद्धा. २०२३च्या एप्रिलपासून रजोनिवृत्तीच्या औषधांसाठी वेगळे वार्षिक प्रमाणपत्र विकत मिळते, पण हे पहिले हाती असेल तर त्याची गरजच पडत नाही. हा आपला हक्क आहे, आणि केवळ माहिती नसल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी जणी बाटल्यांचे ओझे वाहत राहतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

फार्मासिस्ट_नेरूळ

व्यवहारातील काही गोष्टी सांगतो. आपल्याकडे ६२.५, ८८, ११२ अशा अधल्यामधल्या मात्रांच्या गोळ्या सहज मिळतात. ब्रिटनमध्ये मुख्यतः २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या एकत्र करून मात्रा जुळवतात, त्यामुळे ८८ तिथे जसेच्या तसे मिळण्याची अपेक्षा ठेवू नका. कंपनी बदलल्यावर त्रास जाणवत असेल तर तसे डॉक्टरांना सांगा. तिथल्या औषध नियामक संस्थेने २०२१ साली सूचना दिली आहे की अशा रुग्णाला सातत्याने एकाच कंपनीची गोळी देण्याचा विचार करावा.

प्रवासात औषध मूळ बाटलीत आणि हाताच्या बॅगेत ठेवावे, सोबत औषधाचे मूळ नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी असावी. कुरियरने औषधे मागवू नयेत, ती कस्टममध्ये अडकतात आणि उन्हात पडून राहतात. थायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि दमट हवा तिन्ही बाधतात. म्हणून मे-जूनमध्ये ठाण्यात असताना गोळ्या आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका आणि बाटली ओट्याजवळ, गॅसच्या वरच्या फडताळात ठेवू नका. बाटलीतील ओलावा शोषणारी पुडी शेवटची गोळी संपेपर्यंत आतच राहू द्या. विमानाच्या वेळेमुळे एखादी गोळी काही तास मागेपुढे झाली तर घाबरू नये, कारण थायरॉक्सिनचे अर्धे प्रमाण शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात.

स्त्रीरोगतज्ज्ञ_वाशी

वरील माहिती योग्य आहे. तपासल्याशिवाय मी डोस सांगणार नाही, परंतु काही मुद्दे लीड्सच्या डॉक्टरांपुढे जरूर मांडा. एस्ट्रोजेनच्या गोळीऐवजी जेल किंवा पॅच तुम्हाला चालेल का, हे विचारा. गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका काहीसा वाढतो, नेहमीच्या मात्रेतील जेल-पॅचने तो वाढत असल्याचे दिसत नाही, आणि तुम्ही लांबचा विमानप्रवास वारंवार करता. मात्र असा बदल झाला तर थायरॉक्सिनची गरज पुन्हा खाली येऊ शकते. म्हणून एकाच भेटीत एस्ट्रोजेनचा प्रकार बदलून वर थायरॉक्सिनही वाढवले, तर पुढे डोस जास्त होण्याची शक्यता राहते. रजोनिवृत्तीच्या सुमारास थायरॉक्सिन जास्त झाले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित पडू शकतात. शिवाय धडधड, घाम आणि निद्रानाश होऊ लागला की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही तो रजोनिवृत्तीचाच त्रास समजतात, ही खरी अडचण आहे.

गर्भाशय असेपर्यंत प्रोजेस्टेरॉन स्वतःहून बंद करू नका. कॅप्सूलने गुंगी येते म्हणून काही जणी फक्त एस्ट्रोजेन चालू ठेवतात. त्याने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ठाण्याला आल्यावर अवेळी किंवा नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव झाला, तर परत जाईपर्यंत थांबू नका, इथेच दाखवा.

नौपाड्याची_सून

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल डॉक्टरांची भेट झाली. माझ्या नोंदीत थायरॉक्सिन नव्हतेच. ते आता लिहिले गेले आणि शुल्कमाफीचा अर्जही भरून दिला. गोळीऐवजी जेलचा पंप मिळाला आहे, दररोज दोन दाब. थायरॉक्सिन तूर्त ८८च ठेवून आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर तपासायचे ठरले. ठाण्याच्या डॉक्टरांनाही हे सविस्तर कळवले आणि त्यांना ते पटले. एक विचारायचे राहिले. मला कॅल्शियमही दिले आहे. पहाटेची गोळी आणि सकाळचा चहा यांत अंतर ठेवते, मग कॅल्शियम केव्हा घ्यावे? आणि जेल विमानात नेता येईल का?

फार्मासिस्ट_नेरूळ

कॅल्शियम आणि थायरॉक्सिन यांत किमान चार तासांचे अंतर हवे, म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणासोबत घ्या. लोहाच्या गोळीलाही हाच नियम लागू आहे. चहासाठी अर्धा ते एक तास पुरेसा आहे. जेलचा नेहमीचा पंप ८० ग्रॅमचा असतो, त्यामुळे तो हाताच्या बॅगेतील १०० मिलिलिटरच्या मर्यादेत बसतो. तरी चिठ्ठी सोबत असू द्या. ठाण्याच्या उकाड्यात आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडे करून, घाम नसताना जेल लावा, ते वाळेपर्यंत कपडे घालू नका आणि नंतर हात साबणाने धुवा. घरात लहान मुले असतील तर जेल लावलेल्या जागेला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नका.