नावे सर्वांचीच घेतली जावीत
२००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यातील मृतांना २६ नोव्हेंबरला वाहिल्या जाणाऱ्या आदरांजलीत केवळ शहीद पोलीस आणि जवान यांचीच नावे घ्यावीत, कारण त्यांनी मृत्यू जाणूनबुजून पत्करला, असे मत काही जण मांडतात. त्यातील तर्क मला समजतो, पण निष्कर्ष पटत नाही. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ दहशतवादी कसाबच्या रायफलची नळी पकडून ठेवली, गोळ्या झेलूनही ती सोडली नाही आणि त्यामुळेच तो जिवंत सापडला. या शौर्याला २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, आणि त्याची बरोबरी कशाशी करण्याचा प्रश्नच नाही.

परंतु ज्या १६६ जणांचा आपण दरवर्षी आकडा सांगतो, त्यांतील बहुसंख्य सामान्य नागरिक होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत सामानाशेजारी बसलेल्या माणसांवर गोळीबार झाला. ताज आणि ओबेरॉयची दृश्ये वाहिन्यांनी तीन दिवस दाखवली, स्थानकातले मृत मात्र तेव्हापासून आकड्यातच राहिले, आणि हे मला अधिक खटकते.

शौर्यपदकाचा निकष वेगळा आणि स्मरणाचा वेगळा. शाळा-सोसायट्यांतील कार्यक्रमांत करकरे, कामटे, साळसकर, मेजर उन्नीकृष्णन यांच्या प्रतिमांना पुष्पहार जरूर घालावेत, पण त्यानंतर मृत नागरिकांची यादीही मोठ्याने वाचावी. त्याला फार तर दहा मिनिटे लागतील, आणि तेवढ्यासाठी एखाद्या पाहुण्याचे भाषण वगळले तरी चालेल.